फाइल उघडत नाही? आधी तिचं शेपूट बघा



मासा ताजा आहे की नाही हे आपण कल्ले उघडून बघतो. फाइलीच्या बाबतीत मात्र आपण काहीच न बघता बोट ठेवतो, आणि उघडली नाही की म्हणतो, "मोबाईल बिघडला." गेल्या पावसाळी बंदीत आपल्या सोसायटीवर जो प्रसंग आला त्यातून आम्ही जे शिकलो ते आज सविस्तर लिहितोय. लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. घरातल्या कॉलेजच्या पोरांनाही वाचायला द्या.

काय झालं होतं

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. बोटी वर ओढून शाकारल्या की आपली माणसं पाहुण्यांकडे जातात. तसे आपले एक सभासद, एका बोटीचे मालक, बायकोला घेऊन भोपाळला लेकीकडे गेले होते. तिथे बडा तालाबच्या कडेच्या रस्त्याने जावयाच्या स्कूटरवर मागे बसून जाताना एका गाडीने धडक दिली. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, बारा दिवस दवाखान्यात काढले. जीव वाचला हे देवाचे उपकार.

आता पुढचं काम कागदांचं. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत नोंदलेल्या मच्छीमारांसाठी गट अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 5 लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर अडीच लाख आणि अपघातात दवाखान्याच्या खर्चासाठी 25 हजारांपर्यंत. त्यात धडक देणाऱ्या गाडीच्या विम्याकडे मागायची भरपाई वेगळी. दोन्हीकडे कागद लागतात, पुरावा लागतो. जावयाने मनापासून धावपळ करून सगळं गोळा केलं आणि सोसायटीच्या ईमेलवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. एकूण सहा गोष्टी आल्या.

सहापैकी एकही उघडेना.

ऑफिसात चौघे जमलो. एक म्हणाला मोबाईल जुना, दुसरा म्हणाला नेट नाही, तिसऱ्याने सांगितलं "गूगलवर एक अ‍ॅप आहे, ते टाका, सगळं उघडतं." त्या तिसऱ्याचं ऐकलं नाही हे बरं केलं. का, ते शेवटी सांगतो. शांतपणे एकेक फाइल बघितली तेव्हा कळलं की सहा फाइली सहा वेगवेगळ्या कारणांनी अडल्या होत्या, आणि मोबाईलचा दोष एकातही नव्हता.

शेपूट म्हणजे काय

प्रत्येक फाइलीच्या नावात शेवटी एक टिंब असतं आणि त्यापुढे दोन-चार अक्षरं असतात. पीडीएफ, जेपीजी, एमपी4, झिप अशी. हे फाइलीचं शेपूट. आत काय माल आहे हे ते सांगतं. व्हॉट्सअ‍ॅपवर कागद आला की नावाखाली प्रकार आणि वजन (केबी किंवा एमबी) लिहिलेलं दिसतं. ईमेलमध्ये नाव अर्धं कापलेलं दिसत असेल तर त्यावर बोट दाबून धरा किंवा तीन टिंबांवर जाऊन माहिती बघा.

शेपूट बदललं म्हणून माल बदलत नाही हेही लक्षात ठेवा. बांगड्याच्या पेटीवर सुरमई लिहिलं तर आत बांगडाच निघणार. आमच्यातल्या एकाने व्हिडीओचं नाव बदलून शेवटी एमपी4 लिहून पाहिलं, काही उपयोग झाला नाही.

आता सहा फाइली एकेक करून बघू.

1. दवाखान्याचा कागद: कुलूप होतं, किल्ली मागे राहिली

डिस्चार्जचा कागद पीडीएफ होता. बोट ठेवलं की पासवर्ड मागे. जावयाला फोन केला तर तो म्हणे, "मला कुणी पासवर्ड दिलाच नाही." दिला होता. दवाखान्याच्या मूळ ईमेलमध्ये खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की पासवर्ड म्हणजे रुग्णाची जन्मतारीख, अमुक पद्धतीने. जावयाने मेल पुढे न पाठवता फक्त फाइल उतरवून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली होती. कुलूप आलं, किल्ली भोपाळलाच राहिली.

म्हणून कुलूपबंद कागद पुढे पाठवताना किल्ली कशी बनते तेही कळवा, पण ते फोनवर तोंडी सांगा. दोन्ही एकाच मेसेजमध्ये टाकू नका.

आधार कार्ड ऑनलाईन उतरवलं तर त्यालाही पासवर्ड असतो आणि त्यात पुष्कळ जण अडतात. तो असा बनतो: आधारवर इंग्रजीत जसं नाव आहे त्याची पहिली चार अक्षरं, सगळी कॅपिटल, आणि लगेच जन्माचं साल. समजा नाव गणपत आणि साल 1968, तर जी-ए-एन-ए आणि 1968. मध्ये जागा सोडायची नाही, एकूण आठ खुणा. सहसा चूक होते ती इथेच: अक्षरं लहान लिहिली जातात किंवा घरचं नाव टाकलं जातं.

2. एक्स-रे आणि स्कॅन: ते फोटो नव्हतेच

दुसरी एक झिप फाइल. झिप म्हणजे गाठोडं, अनेक फाइली एकत्र बांधलेल्या. अँड्रॉइड मोबाईलवर गूगलच्याच फाइल्स या अ‍ॅपमध्ये झिपवर बोट ठेवलं की गाठोडं सोडायचा पर्याय येतो. सोडलं तर आत शेपटाला डीसीएम असलेल्या ढीगभर फाइली.

डीसीएम ही दवाखान्यांची स्वतःची पद्धत आहे. त्यात चित्राबरोबर रुग्णाचं नाव, तारीख, मशीनची माहिती भरलेली असते. डॉक्टरांच्या संगणकावर ती उघडते, आपल्या गॅलरीत नाही. आपण ती उघडायच्या मागे लागायचं कारणच नाही. जावयाला सांगितलं: रेडिओलॉजीवाल्याने लिहिलेला रिपोर्ट पीडीएफमध्ये दे, आणि फिल्म खिडकीच्या उजेडावर धरून तिचा फोटो काढून पाठव. आमचं काम भागलं. डीसीएमचं गाठोडं मात्र फेकलं नाही. पुढे इथल्या हाडाच्या डॉक्टरांना तेच हवं होतं.

3. अपघाताचं निवेदन: अक्षरांची खिचडी

तिसरी वर्ड फाइल. उघडली खरी, पण आत एकही हिंदी शब्द नाही. इंग्रजी अक्षरं, अर्धविराम, कंस, सगळं विस्कटलेलं. आम्हाला वाटलं व्हायरस. पण तो व्हायरस नव्हता, फाँटची भानगड होती.

जावयाने ते निवेदन भोपाळला एका टायपिस्टकडून टाईप करून घेतलं होतं. मध्य प्रदेशात हिंदी टायपिंगवाल्यांकडे कृतिदेव हा जुना फाँट फार चालतो. हे जुने फाँट एक युक्ती करतात. संगणक आत इंग्रजी अक्षरच साठवतो, फाँट फक्त त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. कृतिदेवमध्ये 'राम' लिहायला जे, के, ई ही इंग्रजी अक्षरं दाबावी लागतात, लहान लिपीतली. टायपिस्टच्या संगणकावर कृतिदेव आहे म्हणून त्याला 'राम' दिसतो. आपल्या मोबाईलवर तो फाँट नाही, मुखवटा गळून पडतो, आणि आपल्याला नुसतं जे-के-ई दिसतं.

यावरचा पक्का उपाय म्हणजे युनिकोड. 1991 पासून त्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच स्वतःचा क्रमांक दिलेला आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आपण मराठी लिहितो ते युनिकोडच, म्हणून कुठल्याही मोबाईलवर वाचता येतं. मध्य प्रदेशातल्या संगणक प्रवीणतेच्या सरकारी परीक्षेतही, जिला सीपीसीटी म्हणतात, हिंदी टायपिंग आता युनिकोडमध्येच घेतात. पण बाजारातल्या टायपिस्टची जुनी सवय सुटत नाही. हसू नका, आपल्याकडेही श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाईप केलेले ठराव आणि पत्रं पडून आहेत. ती मोबाईलवर उघडली की हीच खिचडी होते.

सोपा उपाय: पाठवणाऱ्याला त्याच संगणकावरून ती फाइल पीडीएफ करून पाठवायला सांगा. पीडीएफ करताना सहसा फाँट आतच बांधला जातो, मग आपल्याकडे तो असो वा नसो, वाचता येतं. हिंदी माणसाला हा निरोप जसाच्या तसा पाठवा:

"भैया, वर्ड फ़ाइल का फ़ॉन्ट हमारे यहाँ नहीं खुल रहा। कृपया उसी कंप्यूटर से पीडीएफ़ बनाकर भेज दीजिए।"

कृतिदेवचं युनिकोड करून देणाऱ्या वेबसाइट आहेत. साध्या मजकुराला ठीक. पण निवेदन, आधार, बँकेचे कागद अनोळखी वेबसाइटवर चिकटवू नका.

आणि एफआयआरसाठी टायपिस्टवर अवलंबून राहायची गरजच नाही. सुप्रीम कोर्टाच्या 2016 च्या आदेशानुसार, संवेदनशील गुन्हे सोडले तर, एफआयआर पोलिसांच्या वेबसाइटवर चढवायच्या असतात. तक्रार देणाऱ्याला तिची प्रत फुकट मिळायचा हक्क आहे.

4. दुकानाचा सीसीटीव्ही: हाच खरा पुरावा, आणि हाच सगळ्यात अवघड

अपघात झाला तिथल्या एका दुकानाच्या कॅमेऱ्यात धडक सापडली होती. दुकानदार भला माणूस, त्याने पेन ड्राइव्हवर काढून दिलं. शेपूट बघितलं तर डीएव्ही. काही कंपन्यांचे कॅमेऱ्याचे रेकॉर्डर आपल्याच भाषेत व्हिडीओ साठवतात, त्यातली ही एक. मोबाईलला ती कळत नाही.

उपाय दोन. एक, रेकॉर्डरच्या कंपनीचाच प्लेअर संगणकावर टाकून बघायचं. कधीकधी रेकॉर्डर पेन ड्राइव्हवर व्हिडीओबरोबर प्लेअरही टाकून देतो, आधी तिथे बघा. दोन, दुकानदाराला विनंती करून रेकॉर्डरमधूनच एमपी4 प्रकारात पुन्हा काढून घ्यायचं. बऱ्याच रेकॉर्डरमध्ये तसा पर्याय असतो.

पण इथे घाई लागते. रेकॉर्डरची डिस्क भरली की तो जुनं पुसून त्यावर नवीन लिहितो. कुठे आठवड्यात, कुठे महिन्यात. आम्ही "बघू नंतर" म्हणत बसलो असतो तर पुन्हा काढायला काहीच उरलं नसतं. जावई त्याच संध्याकाळी परत गेला म्हणून मिळालं. अपघात बंदरात होवो की रस्त्यावर, व्हिडीओ मिळाला की त्याच दिवशी उघडून बघा. मिळाला म्हणजे काम झालं असं समजू नका.

दुसरी गोष्ट, मूळ डीएव्ही फाइल जपून ठेवा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे असा डिजिटल पुरावा कोर्टात देताना प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि त्यात फाइलीचा हॅश लिहायचा असतो. हॅश म्हणजे फाइलीच्या अंगठ्याचा ठसा समजा. फाइलीत कणभर बदल झाला तरी ठसा बदलतो. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडीओ म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो, म्हणजे ठसा गेलाच. म्हणून मूळ पेन ड्राइव्ह पाकिटात घालून, तारीख लिहून बाजूला ठेवा, बघायला वेगळी प्रत वापरा. प्रमाणपत्राचं काम वकिलाला विचारून करा.

5. मोठी फाइल: परवानगी नाही म्हणते

एमपी4 मिळाला, पण ईमेलला जोडताच येईना. जीमेलला 25 एमबीची मर्यादा आहे. त्यातही फाइल ईमेलमधून जाताना साध्या अक्षरांत रूपांतर होऊन जाते आणि साधारण एक तृतीयांश फुगते. म्हणून 20 एमबीची फाइलही कधीकधी अडते. मर्यादेबाहेर गेलं की जीमेल ती गूगल ड्राइव्हवर ठेवून फक्त लिंक पाठवतं. आम्ही लिंक दाबली तर "तुम्हाला परवानगी नाही".

म्हणजे माल गोदामात आहे, पण गेटवर आपलं नाव नाही. तिथेच परवानगी मागायचं बटण असतं, ते दाबा. पाठवणाऱ्याने ड्राइव्हमध्ये जाऊन आपला ईमेल पत्ता त्यात घातला की उघडतं. "लिंक असेल तो कुणीही बघू शकेल" असा पर्यायही असतो, पण दवाखान्याच्या आणि कोर्टाच्या कागदांसाठी तो वापरू नका. ती लिंक ज्याच्या हाती जाईल तो बघेल.

दुसरा मार्ग: व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडीओ गॅलरीतून न निवडता डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. 2 जीबीपर्यंत जातो आणि दाबला जात नाही.

6. डॉक्टरांचा व्यायामाचा व्हिडीओ: आवाज येतो, चित्र नाही

शेवटचा लेकीने काढलेला. पायाचे व्यायाम कसे करायचे ते डॉक्टरांनी करून दाखवले होते. काकींनी इथे मोबाईलवर लावला तर डॉक्टरांचा आवाज येतोय आणि पडदा काळा. "पाय किती वर करायचा ते कसं कळणार?" म्हणून त्या रडकुंडीला आल्या.

व्हिडीओचं शेपूट म्हणजे थर्माकोलच्या पेटीवरचं नाव. आत चित्र कुठल्या पद्धतीने भरलंय ते वेगळं असतं, त्याला कोडेक म्हणतात. आयफोन 2017 पासून एचईव्हीसी नावाची नवी पद्धत वापरतो. तिने जागा कमी लागते, पण जुन्या मोबाईलला ती उलगडता येत नाही. आवाजाची पद्धत ओळखीची असते म्हणून आवाज येतो, चित्र येत नाही.

उपाय: प्ले स्टोअरवरून व्हीएलसी हा फुकट प्लेअर घ्या, बहुतेक व्हिडीओ त्यात चालतात. आणि आयफोनवाल्याला सांगा, सेटिंगमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट, तिथे मोस्ट कम्पॅटिबल निवड. पुढचे व्हिडीओ सगळीकडे चालतील. शेपटाला एचईआयसी असलेले फोटो उघडत नसतील तर त्यालाही हाच इलाज.

आणि एक साधं कारण

वर सांगितलेलं काहीच लागू होत नसेल तर वजन बघा. पाठवणाऱ्याकडे फाइल 8 एमबी आणि आपल्याकडे 3, म्हणजे ती अर्धवट उतरली आहे. बंदरावर नेटची एक काडी येते-जाते, तिथे हे हमखास होतं. आधी मोबाईलमध्ये जागा आहे का बघा, मग अर्धवट फाइल पुसून चांगल्या नेटवर पुन्हा उतरवा. व्हॉट्सअ‍ॅपवर जुना फोटो किंवा व्हिडीओ उतरत नसेल तर कितीही वेळा दाबू नका. तो त्यांच्याकडे कायमचा राहत नाही, समोरच्याला पुन्हा पाठवायला सांगा.

आता ते न टाकलेलं अ‍ॅप

या सगळ्या गडबडीत सभासदांच्या मोबाईलवर एका अनोळखी नंबरवरून सातवी फाइल आली. नाव आरटीओ चलन, दंड भरा. अपघात नुकताच झालेला, त्यामुळे घरच्यांना ती खरीच वाटली. बोट ठेवलं तर मोबाईल म्हणतो, हे उघडायला परवानगी द्या. पुतण्या परवानगी देणारच होता, तेवढ्यात त्याने शेपूट बघितलं. एपीके.

एपीके हा कागद नसतो, फोटो नसतो, व्हिडीओ नसतो. ते अ‍ॅप असतं. उघडलं म्हणजे ते आपल्या मोबाईलमध्ये राहायला आलं. मग ते मेसेज वाचायची परवानगी मागतं, बँकेचा ओटीपी परस्पर चोराकडे जातो, आणि आपल्याच नंबरवरून तीच फाइल आपल्या नातेवाइकांना जाते. चलन, लग्नपत्रिका, बँकेचं केवायसी, सरकारी योजनेची यादी, नावं बदलतात, शेपूट तेच. जीमेल एपीके जोडूच देत नाही, म्हणून ही मंडळी व्हॉट्सअ‍ॅप धरतात. ओळखीच्या माणसाकडून आली तरी उघडू नका, त्याचाच मोबाईल आधी फसलेला असू शकतो. खरं चलन आहे का हे बघायचं तर परिवहन खात्याच्या ई-चलन वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकून बघा.

म्हणून आता सोसायटीत आमचा एकच नियम आहे. फाइल उघडत नसेल तर ती पाठवणाऱ्याकडून दुसऱ्या प्रकारात मागायची. ती उघडण्यासाठी कुणी पाठवलेलं अ‍ॅप टाकायचं नाही. लागलंच तर प्ले स्टोअरवरून, तेही घरात चार जणांना विचारून.

चुकून एपीके टाकलं गेलं तर: लगेच नेट बंद करा, दुसऱ्या मोबाईलवरून बँकेला फोन करून खातं थांबवा, 1930 वर तक्रार करा, मग ते अ‍ॅप काढा. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. लाजेने गप्प बसू नका. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवायचे असतील तर प्रत्येक मिनिट मोलाचं.

मोबाईलच्या मागे चिकटवा

पासवर्ड मागते: मूळ ईमेल नीट वाचा.
झिप आहे: गाठोडं सोडा.
अक्षरांची खिचडी: पीडीएफ करून मागा.
डीसीएम: रिपोर्ट आणि फिल्मचा फोटो मागा.
डीएव्ही: एमपी4 मागा, मूळ फाइल जपा, आजच मागा.
परवानगी नाही: आपला ईमेल पत्ता घालायला सांगा.
आवाज आहे, चित्र नाही: व्हीएलसी.
वजन कमी: पुन्हा उतरवा.
एपीके: उघडू नका, पुसा.

आपल्या सभासदांचे सगळे कागद शेवटी नीट लागले. विम्याचा दावा मुदतीत दाखल झाला, निकाल यायचा आहे. सीसीटीव्हीचा व्हिडीओ वकिलाकडे आहे. काका काठी घेऊन चालायला लागलेत. यंदा नारळी पौर्णिमेला ते बोटीवर चढले नाहीत, बंदरावर खुर्ची टाकून बसले आणि नारळ मुलाच्या हाताने सोडला. व्यायामाचा व्हिडीओ काकी रोज सकाळी लावतात, आता चित्रासकट.

कुणाची फाइल अडली असेल तर ऑफिसच्या वेळेत मोबाईल घेऊन या, बसून बघू. येताना फाइल पुसू नका, आणि पासवर्ड कुणालाही सांगू नका, आम्हालासुद्धा. तो तुम्हीच टाकायचा.

आपली सोसायटी